पवई : हेक्टरी एक रुपया आणि चाळीस मीटरचं घर

दर पावसाळ्यात महापालिकेकडून एक प्रेसनोट येते. पवई तलाव भरून वाहू लागला. खाली ठरलेला मजकूर असतो. तलाव पालिका मुख्यालयापासून सुमारे २७ किलोमीटरवर आहे, बांधकाम १८९० सालचं, त्या काळी खर्च आला १२ लाख ५९ हजार रुपये, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याचा विस्तार साधारण २.२३ चौरस किलोमीटर, साठवण क्षमता ५४५ कोटी लिटर. तारीख आणि वेळ तेवढी बदलते. आम्ही उपनगरातले वार्ताहर ती नोट वर्षानुवर्षं जशीच्या तशी छापत आलोय. सोबत धबधब्यासारखं पडणाऱ्या पाण्याचा एक फोटो, की झाली बातमी.

त्या नोटच्या शेवटी एक वाक्य असतं, त्याच्यावर कोणी थांबत नाही. या तलावाचं पाणी पिण्यायोग्य नसल्यामुळे ते औद्योगिक कामांसाठी आणि आरे वसाहतीत वापरलं जातं.

म्हणजे बघा, मुंबईला प्यायला पाणी हवं म्हणून बांधलेला तलाव, आणि त्याचंच पाणी पिता येत नाही. हे का झालं हे शोधायला गेलं की पवईची सगळी कुंडली हाताला लागते. जमीन कोणी कोणाला कशासाठी दिली, कोणत्या अटीवर दिली, आणि नंतर त्या अटीचं काय झालं, असाच या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्याला पवई आठवते ती एकतर रविवारी संध्याकाळी हिरानंदानीत चक्कर मारायला जाताना, नाहीतर जेव्हीएलआरवर पाऊण तास अडकल्यावर. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर लिहावं. पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो.

पवई हे एक गाव नव्हतंच. जुन्या महसुली नोंदींत पवई, तिरंदाज, पासपोली, कोपरी, तुंगवे, चांदिवली, साकी अशी लहान लहान मौजे आहेत. साष्टी बेटाचा हा मधला डोंगराळ भाग. भातशेती, ताडामाडाची झाडं, आणि वर जंगलाच्या कडेला आदिवासींचे पाडे. आजही आयआयटीच्या समोर रिक्षावाल्याला 'तिरंदाज' म्हटलं तर तो बरोबर नेऊन सोडतो, पण हे एका गावाचं नाव आहे हे त्याला आणि आपल्यालाही आठवत नाही. पवई हे नाव पद्मावती देवीवरून आलं असं लोक सांगतात. देवीचं देऊळ तलावाच्या काठाला, आयआयटीच्या आवारात आहे. संस्था नंतर आली, देवी आधीपासून तिथेच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती साष्टी आल्यावर कंपनीने इथल्या मोठमोठ्या जमिनी वजनदार माणसांना द्यायला सुरुवात केली. हेतू सांगितला जायचा तो असा की पडीक जमीन लागवडीखाली येईल, विहिरी खोदल्या जातील, रस्ते होतील. पवईची जमीन १७९९ साली मिळाली हेलेनस स्कॉट नावाच्या कंपनीच्या डॉक्टरला. हा गृहस्थ वेगळाच होता. १८०२ मध्ये देवीची लस मुंबईत पोचली आणि टोचली गेली, त्या कामाशी याचं नाव जोडलेलं आहे. पवईत त्याला झाडाझुडपांचे, पिकांचे प्रयोग करायचे होते.

त्यानंतर १८२९ साली पवईचा मळा आला फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे. धोबीतलावचा फ्रामजी कावसजी हॉल ज्यांच्या नावाचा, तेच हे पारशी व्यापारी. या माणसाने पवईत खरोखर पैसा ओतला. विहिरी खोदल्या, घरं बांधली, रस्ता केला. ऊस लावला, नीळ लावली, रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावली, आंब्याची कलमं लावली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सरकारी टिपणात या मळ्याची तारीफ केलेली आहे. १८३८ मध्ये फ्रामजींनी पवईचे आंबे जहाजाने थेट इंग्लंडला व्हिक्टोरिया राणीकडे पाठवले होते. ते पोचेपर्यंत त्यांचं काय झालं असेल याची आपण कल्पना करू शकतो, पण जाहिरातीची ही आयडिया त्या काळात मोठीच म्हणायची.

याच फ्रामजींनी मुंबईत धोबीतलावाच्या टाक्याची दुरुस्ती स्वतःच्या पैशाने करून लोकांना पाणी दिलं, म्हणून त्या तलावाला त्यांचं नाव पडलं. मुंबई तेव्हा विहिरी आणि टाक्यांवर जगत होती. उन्हाळ्यात मारामार व्हायची. १८५० च्या दशकात ही टंचाई इतकी वाढली की सरकारने साष्टीच्या डोंगरात धरण बांधायचं ठरवलं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने योजना आखली आणि १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत पोचलं. मुंबईची ही पहिली नळपाणी योजना. तेही पुरेना, म्हणून १८७९ मध्ये तुळशी. गिरण्या वाढत होत्या, माणसं कोकणातून, घाटावरून येत होती, पाणी काही पुरत नव्हतं.

मग ठरलं तानसा. पण तानसा लांब, काम मोठं, वेळ लागणार. तोवर काय? तोवर विहारच्या खालच्या अंगाला, पवईच्या दोन टेकड्यांच्या मधल्या ओहोळावर भिंत घाला आणि वेळ मारून न्या. फ्रामजींच्या जुन्या मळ्याचा बराच भाग त्या पाण्याखाली गेला. तलाव १८९०-९१ मध्ये तयार झाला. आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईत आलं.

म्हणजे पवई तलाव तयार होऊन जेमतेम श्वास घेतोय तोच त्याची गरज संपत आली. पाणी उथळ, पाणलोट लहान, आजूबाजूला वस्ती, शेती, गुरं. दर्जा सुरुवातीपासून यथातथाच. पिण्याच्या पुरवठ्यातून तो लवकरच बाजूला पडला. पुढे तिथे गोऱ्या साहेबांचा गळ टाकून मासे पकडायचा छंद सुरू झाला. मासेमारीच्या हौशी लोकांची संघटना आजही तलावाच्या काठी आहे, हल्लीची संस्था १९५५ सालची.

हे सांगायचं कारण आहे. ज्या तलावाचं पाणी शहर पितं, त्याला कुंपण असतं, पहारा असतं, पाणलोटात घर बांधायला बंदी असते. विहार आणि तुळशी आज राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत सुरक्षित आहेत ते यामुळेच. पवई पिण्यातून गेला आणि त्याचा पहारा उठला. पुढचं सगळं त्यातून आलं, असं माझं मत आहे.

स्वातंत्र्यानंतर काय घडलं ते भराभर सांगतो. १९४८ च्या सुमाराला लार्सन अँड टुब्रो कंपनीने पवईत दलदल आणि झाडीची जमीन घेतली आणि कारखाना उभारायला घेतला. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, पवई कागदोपत्री मुंबईत आली. शेजारी आरे दूध वसाहत झाली, तिला पवईचं पाणी जाऊ लागलं. १९६३ मध्ये विहारच्या काठाला औद्योगिक इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संस्था आली, आपण तिला 'निटी' म्हणायचो, २०२३ पासून तिचं नाव आयआयएम मुंबई झालंय.

आयआयटीचं मात्र जरा थांबून सांगायला हवं. १९५८ च्या जुलैमध्ये ती सुरू झाली ती वरळीला, दुसऱ्याच्या इमारतीत. पहिल्या वर्षी १०० विद्यार्थी घेतले, अर्ज आले होते ३,४०० च्या आसपास. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत होती, यंत्रं तिकडून आली, तज्ज्ञ तिकडून आले. १० मार्च १९५९ रोजी पंतप्रधान नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. सुमारे ५५० एकर जागा, एका बाजूला पवई तलाव, मागे विहारचे डोंगर. सरकारने जागा दिली ती राष्ट्रीय कामासाठी, आणि ते काम झालं हे मान्य करायलाच हवं. पण त्या ५५० एकरांत पेरूबागेसारखे आदिवासी पाडे आधीपासून होते. देशातल्या हुशार पोरांसाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि त्याच आवारातल्या पाड्यांना साध्या सोयींसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले. हे आपल्याकडे नवीन नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

तरीही सत्तरच्या दशकापर्यंत पवई म्हणजे गावच होतं. डोंगर होते, आणि डोंगरांत दगडखाणी होत्या. भांडुप, विक्रोळी, साकीनाक्याच्या ज्या मंडळींचं बालपण त्या काळात गेलंय त्यांना दुपारचे सुरुंग आठवत असतील. खिडकीच्या काचा थरथरायच्या. खडी मशीनची पांढरी धूळ झाडांवर बसलेली असायची. मुंबईच्या कितीतरी इमारतींत पवईची खडी आहे. खाणीवर काम करणारी माणसं बहुतेक बाहेरून आलेली, त्यांच्या वस्त्या खाणींच्या कडेलाच वसल्या. खाणींची माती दर पावसाळ्यात वाहून जायची ती तलावात. गाळ साचत गेला. नंतर जी बांधकामं आली त्यांनीही तेच केलं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

फ्रामजींनंतर पवईची खासगी जमीन हातोहात फिरत चंद्रभान शर्मा यांच्या कुटुंबाकडे आली होती. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरात एका माणसाकडे किती मोकळी जमीन असावी यावर मर्यादा आली, जास्तीची सरकारने घ्यायची आणि त्यावर गरिबांना, मध्यमवर्गाला घरं द्यायची, असा त्याचा हेतू. त्याच सुमाराला पवईच्या या जमिनीवर सरकारने 'पवई क्षेत्र विकास योजना' आखली आणि संपादनाची प्रक्रिया सुरू केली. मालक कोर्टात गेले. बरीच वर्षं कज्जेदलाली झाली. शेवटी तडजोड निघाली.

१९ नोव्हेंबर १९८६. राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक, असा त्रिपक्षीय करार झाला. मालकांचं मुखत्यारपत्र होतं निरंजन हिरानंदानी यांच्याकडे. सुमारे २३० एकर जमीन ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. भाडं होतं हेक्टरी एक रुपया.

हिशोब करून बघा. २३० एकर म्हणजे साधारण ९३ हेक्टर. भाडं ९३ रुपये. ते वर्षाचं धरलं तरी ८० वर्षांचे होतात साडेसात हजारांच्या आत. आज त्याच भागात तेवढ्यात एका चौरस फुटाचीही खरेदी होत नाही.

आता कोणी म्हणेल, हा सरळ सरळ लुटीचा सौदा. पण तसं नव्हतं. एक रुपया भाडं होतं कारण बदल्यात अटी होत्या, आणि अटी चांगल्याच कडक होत्या. या जमिनीवर बांधायची घरं लहानच असतील. निम्मी घरं ४० चौरस मीटरपर्यंतची, निम्मी ८० चौरस मीटरपर्यंतची. त्याहून मोठं घर नाहीच. शिवाय एकूण घरांपैकी १५ टक्के घरं सरकारला चौरस फुटाला १३५ रुपये दराने द्यायची.

४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. वन बीएचके, आपल्या भांडुप-मुलुंडच्या सोसायटीत असतो तसा. त्या दराने त्याची किंमत होते सुमारे ५८ हजार रुपये. पोलीस हवालदार, पालिका शाळेतले गुरुजी, बेस्टचा कंडक्टर, मंत्रालयातला क्लार्क, यांच्यासाठी पवई तलावाच्या काठी घर. करारात हे लिहिलेलं होतं. स्वप्न वगैरे नाही, सहीशिक्क्याचा कागद होता.

पुढे काय झालं ते आपण रस्त्यावरून रोज बघतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून खाणींच्या उघड्याबोडक्या डोंगरावर हिरानंदानी गार्डन्स उभं राहायला लागलं. आर्किटेक्ट हाफिज कॉन्ट्रॅक्टर. उंच उंच टॉवर, त्यांना ग्रीक-रोमन थाटाचे खांब, कमानी, घुमट. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, चालता येईल असे फुटपाथ. मी हे उपहासाने लिहीत नाही. फुटपाथवर चालता येणं ही मुंबई उपनगरात चैन आहे आणि ती पवईत मिळते. शाळा आली, हॉस्पिटल आलं, बँकांची आणि कॉम्प्युटर कंपन्यांची ऑफिसं आली. आयआयटीतून बाहेर पडलेल्या पोरांनी आजूबाजूला छोट्या कंपन्या काढल्या, आज पवईचं नाव स्टार्टअपच्या जगात घेतलं जातं. हजारो माणसांना काम मिळालं, आपल्याकडच्याही कितीतरी पोरापोरींना. ही सगळी खरी कमाई आहे.

फक्त ४० मीटरचं घर दिसेना.

२००८ नंतर हा विषय तापला आणि मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेल्या. याचिकाकर्त्यांमध्ये मेधा पाटकरही होत्या. म्हणणं असं, की लहान घरांचे नकाशे मंजूर करून घेतले, पण प्रत्यक्षात दोन-दोन, तीन-तीन फ्लॅट जोडून मोठी आलिशान घरं झाली, एकाच कुटुंबाला शेजारशेजारचे फ्लॅट विकले गेले. विकासकाची बाजू अशी होती की घरं मंजूर नकाशाप्रमाणे लहानच होती, जोडली ती घेणाऱ्यांनी. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी हायकोर्टाने अंतरिम आदेश दिला. इमारती म्हणून हे बांधकाम देखणं आहे हे कोर्टाने नाकारलं नाही, पण परवडणारी घरं हीच या कराराची मूळ अट होती आणि तिच्याकडेच दुर्लक्ष झालं, असं परखडपणे म्हटलं. उरलेल्या जागेवर आधी ४० आणि ८० मीटरची मिळून तीन हजारांहून जास्त घरं बांधा, मगच बाकी काही, असा तो आदेश होता.

म्हणजे १९८६ च्या कागदावरची अट २०१२ मध्ये कोर्टाला पुन्हा लिहून द्यावी लागली. मधे २६ वर्षं गेली. या २६ वर्षांत जे ३० चे होते ते ५६ चे झाले. ज्या हवालदाराला पवईत घर मिळालं असतं तो कल्याण, बदलापूर, विरारला गेला आणि रोज सकाळी लोकलला लोंबकळत ड्युटीवर आला.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे नाही की बिल्डरने नफा कमावला. बिल्डर नफ्यासाठीच धंदा करतो. टोचतं हे की करारात तीन सह्या होत्या. त्यातल्या दोन सरकारी होत्या. अट पाळली जातेय का हे बघणं ज्यांचं काम होतं त्यांच्या डोळ्यांसमोर मजल्यावर मजले चढत होते. नकाशे त्यांनीच पास केले, वापर परवाने दिले गेले. आणि आपण पत्रकार? आम्ही तेव्हा टॉवरच्या उद्घाटनाच्या आणि कोणता नट इथे राहायला आला त्याच्या बातम्या देत होतो. कराराची प्रत मागितली ती जनहित याचिकावाल्यांनी.

शहर वाढतं तसं काम करणाऱ्या माणसांची गरज वाढते. टॉवरमध्ये धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, गाड्या धुणं, गेटवर पहारा. ही माणसं राहणार कुठे? फुलेनगर, मोरारजीनगर, हनुमान टेकडी, जयभीमनगर. ६ जून २०२४ रोजी जयभीमनगरातल्या सुमारे साडेसहाशे झोपड्यांवर पालिकेचा बुलडोझर चालला. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती घरं पाडू नयेत असा राज्य सरकारचाच निर्णय आहे. पाडली ती जून महिन्यातच. कुटुंबं समोरच्या फुटपाथवर ताडपत्री बांधून राहिली, अख्खा पावसाळा आणि त्यानंतरही. मुलं तिथून शाळेत गेली, आया तिथूनच समोरच्या टॉवरमध्ये कामाला गेल्या. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने या कारवाईचा तपास विशेष पथकाकडे सोपवला.

ज्या चालण्याजोग्या फुटपाथचं वर मी कौतुक केलं, तसल्याच फुटपाथवर ही माणसं राहत होती. १९८६ च्या करारातली लहान घरं वेळेवर झाली असती, तर यातली सगळी नाही, पण काही कुटुंबं तरी पक्क्या भिंतीच्या आत असती.

आता परत पाण्याकडे.

पवई तलाव दहा मिनिटं नीट बघा. भिंतीच्या बाजूने नाही, आयआयटीच्या बाजूने. काही महिने तर पाणी दिसतच नाही, हिरवं मैदान दिसतं. ती जलपर्णी. पाण्यात मैला आणि साबण जितका जास्त, तितकी ती माजते. पालिका यंत्रं लावून काढते, ठेकेदाराला पैसे देते, ती पुन्हा येते. मैला यायचा थांबत नाही तोवर ती येणारच, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २००२ च्या सुमाराला केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवईचं नाव होतं. कारंजी, हवा सोडणारी यंत्रं, काठाचं सुशोभीकरण असं बरंच काही झालं. नाले मात्र सुरू राहिले.

पालिकेच्याच सांगण्याप्रमाणे रोज सुमारे १८ दशलक्ष लिटर सांडपाणी या तलावात येतं. प्रेसनोटमधली क्षमता घ्या, ५४५ कोटी लिटर, आणि भागाकार करा. साधारण ३०० दिवस. म्हणजे दहा महिन्यांत एक अख्खा तलाव भरेल इतकं सांडपाणी आपण त्यात सोडतो. 'आपण' म्हटलं, कारण यात टॉवरही आले, वस्त्याही आल्या, संस्थाही आल्या. झोपडपट्टीकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण जिथे मलवाहिनीच टाकलेली नाही तिथला माणूस काय करणार, आणि जिथे टाकली आहे तिथलं पाणी नाल्यात कसं येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा जास्त अवघड आहे.

या पाण्यात मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या. हिवाळ्यात खडकावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मोबाईल बाहेर निघतात, फोटो होतात. पाण्यात मैला, वर जलपर्णी, तरी हा प्राणी टिकून आहे, त्याचं आश्चर्यच वाटतं. २०२१ मध्ये तलावाच्या कडेने साडेदहा किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायचं काम पालिकेने सुरू केलं, काठाला दगडांचा भराव पडायला लागला. तेव्हा कोर्टात गेले ते आयआयटीत संशोधन करणारे दोन विद्यार्थी. ६ मे २०२२ रोजी हायकोर्टाने हे काम बेकायदा ठरवलं. पाणथळ जागांच्या नियमात ते बसत नाही, भराव काढा आणि जागा पूर्ववत करा, असा निकाल. तेव्हाही पालिकेचं म्हणणं होतं की हे लोकांच्या सोयीसाठीच आहे. हेतूवर मी शंका घेत नाही. पण लोकोपयोगी हा शब्द पवईने १७९९ पासून ऐकलाय.

आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. हा तलाव ओसंडला की ते पाणी जातं मिठी नदीत. विहारचंही तिथेच जातं. मिठी पुढे साकीनाका, कुर्ला, बीकेसी करत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा मिठीने काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलंय, आणि साकीनाक्याला तर दरड कोसळून कितीतरी घरं माणसांसकट गाडली गेली. तलावात जितका गाळ, तितकी पाणी धरून ठेवायची ताकद कमी. पवईच्या काठावर पडणाऱ्या भरावाची किंमत कुर्ल्यातल्या चाळीत तळमजल्यावर राहणारा माणूस मोजत असतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

आता मेट्रो सहा येतेय, लोखंडवालाकडून जेव्हीएलआरवरून विक्रोळीपर्यंत. पवई तलाव आणि आयआयटी अशी स्टेशनं त्यात आहेत. ती सुरू झाली की जमिनीचे भाव आणखी चढणार, जुन्या इमारती पाडून पुनर्विकासाचे बोर्ड लागणार. ते व्हायलाही हवं, लोकांना घरं हवीत. पण पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावात पुन्हा एक करार असतो आणि त्या करारात पुन्हा अटी असतात. सांडपाणी तलावात जाऊ नये म्हणून काही इथेच शुद्ध करायचं आणि बाकी वाहिनीने दुसरीकडे वळवायचं, अशी पालिकेची योजना आहे. ते काम कुठवर आलंय, किती नाले अडवले, किती उरले, हे एस विभाग कार्यालयात कोणीही नागरिक माहिती अधिकारात विचारू शकतो. दहा रुपयांचा अर्ज आहे. ज्यांना लिहायला जमत नसेल त्यांना मी लिहून देईन, भांडुप स्टेशनबाहेर भेटा.

आणि एक विनंती. तिरंदाज, पासपोली, तुंगवे, चांदिवलीची जुनी मंडळी ही पोस्ट वाचत असतील. घरात जुने सातबारे, खाणीवरच्या हजेरीची कार्डं, तलावावर मासे पकडायचे परवाने, ऐंशीच्या दशकात डोंगर अजून उभा होता तेव्हाचे फोटो असं काही असेल तर मोबाईलवर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा. १३५ रुपयांच्या दरातलं घर ज्यांना खरोखर मिळालं अशी कुटुंबं असतील तर त्यांच्याशीही बोलायचंय. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही. पुढची पोस्ट विहार तलावावर.